उभी राहिलेली गाडी सुटत नाही: इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक अडकण्याची कारणे आणि उपाय

आमच्या चिपळूणच्या गॅरेजमध्ये श्रावण सरत आला की एक तक्रार दरवर्षी न चुकता येते. मालक मुंबईला किंवा पुण्याला असतात आणि गाडी पावसाळाभर गावच्या घरी अंगणात उभी असते. गणपतीच्या आधी दोन दिवस ते येतात, गाडीत बसून पार्किंग ब्रेकचा स्विच दाबतात आणि गाडी जागची हलत नाही. कधी मीटरमधला ब्रेकचा दिवा लुकलुकत राहतो, कधी दिवा विझतो पण मागचे चाक फिरत नाही, आणि कधी तर मीटरच उजळत नाही. फोनवर मात्र तिन्ही वेळा एकच वाक्य ऐकू येते, "हँडब्रेक जाम झालाय." प्रत्यक्षात ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर चांगला कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रेकचा भाग, बदलण्याची पाळी येते. ते टळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी या ब्रेकची रचना समजून घ्यावी लागेल. जुन्या हँडब्रेकमध्ये दोन सीटांच्या मधला दांडा ओढला की केबल ताणली जाई आणि मागची दोन चाके धरली जात. २००१ च्या सुमारास युरोपातल्या महागड्या गाड्यांमध्ये दांड्याच्या जागी स्विच आला, आणि आता आपल्याकडे क्रेटा, हॅरिअर, एक्सयूव्ही ७०० यांसारख्या गाड्यांच्या वरच्या व्हेरिअंटमध्येही तोच असतो. सुरुवातीच्या काही गाड्यांत मोटर मधोमध बसवलेली असे आणि ती केबलच ओढत असे. आज बहुतेक गाड्यांत मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या पाठीवर एकेक छोटी मोटर असते. तिच्या पुढे वेग कमी करून जोर वाढवणारे, बऱ्याचदा प्लॅस्टिकचे, गिअर असतात आणि त्यांच्या पुढे आटे पाडलेला स्पिंडल असतो. मोटर फिरली की स्पिंडलवरचा नट पिस्टनच्या आतून पुढे सरकतो, पिस्टन पॅडला चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो आणि चाक धरले जाते. ते आटे असे पाडलेले असतात की मोटरचा वीजपुरवठा थांबला तरी पकड सुटत नाही. दिवसेंदिवस उभ्या असलेल्या गाडीचा ब्रेक यामुळेच एकही थेंब वीज न खाता लागलेला राहतो, आणि नेमक्या याच गुणामुळे तो सोडवायला मात्र वीज लागतेच.

माझ्या मते या ब्रेकचा खरा दोष एवढाच आहे, बाकीच्या तक्रारी त्याच्याच पोटातल्या आहेत. दांडा असताना बॅटरी मेली तरी बटण दाबून दांडा खाली टाकता येई आणि चार माणसे गाडी ढकलून बाजूला घेत. स्विचच्या गाडीत माणसाच्या हाताचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याची सरळ वाटच उरलेली नाही. स्विच ही एक विनंती असते; कंट्रोल युनिटला, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकाला, ती मान्य झाली, पुरेसा दाब असलेली वीज मिळाली आणि वायर शाबूत असली तरच मोटर उलटी फिरते.

मागच्या वर्षी गुहागर तालुक्यातल्या एका घरून बोलावणे आले. जांभ्या दगडाचे अंगण, थोडा उतार, आणि रस्त्यापासून घरापर्यंत एकच गाडी जेमतेम मावेल अशी पाणंद. उचलून नेणारी टोइंगची गाडी आत येणे शक्यच नव्हते. मालकांनी आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पिकअपला दोर बांधून गाडी ओढून पाहिली होती. लाल चिखलात डाव्या मागच्या टायरची हातभर लांब घसट स्पष्ट दिसत होती, उजव्या बाजूलाही तशीच. मल्टीमीटर लावला तेव्हा बॅटरी ११.४ व्होल्ट दाखवत होती. भरलेली, विसावलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी संपलेली असते आणि १२ च्या खाली गेली की तिच्यावर विसंबण्यात अर्थ नसतो. आमची बॅटरी जोडली, इग्निशन चालू केले, ब्रेक पेडल दाबून स्विच खाली दाबला. मागून दोन्ही बाजूंनी 'घर्र' आवाज आला, दिवा विझला, उजवे चाक मोकळे झाले, पण डावे तसेच राहिले. म्हणजे तिथे एकावर एक अशी दोन दुखणी होती: वीज नव्हती म्हणून मोटर सुटत नव्हती, आणि मोटर सुटल्यावरही गंजामुळे पॅड डिस्कला चिकटून बसलेला होता.

हे दुसरे दुखणे मुळात इलेक्ट्रॉनिक नाही. लोखंडी डिस्क, दमट हवा आणि महिनोन्महिने दाबून ठेवलेला पॅड एकत्र आले की दोहोंच्या मध्ये गंज चढतो. दांड्याच्या गाडीतही असेच होत असे. फरक सवयीचा आहे. पावसाळ्यात गाडी ठेवून जायची तर हँडब्रेक ओढायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावायचा, हे कोकणातल्या प्रत्येक चालकाला ठाऊक होते. इलेक्ट्रॉनिक ब्रेक मात्र अनेक गाड्यांत इंजिन बंद करताच आपणहून लागतो, आणि ऑटो होल्ड (थांबल्यावर पेडलवरचा पाय काढला तरी गाडी धरून ठेवणारी सोय) चालू ठेवून इंजिन बंद केले तर बहुधा लागतोच. मालकाला आपण ब्रेक लावल्याचे आठवतही नाही, कारण त्याने तो लावलेलाच नसतो.

म्हणून निदानाची सुरुवात हातोडीने करू नये, कानाने करावी. गाडीतला पंखा आणि गाणी बंद करावी, एक माणूस मागच्या चाकाजवळ उभा करावा, पेडल दाबून स्विच आधी खाली दाबावा आणि मग वर ओढावा. दोन्ही बाजूंनी मोटरचा आवाज आला आणि मीटरमधला दिवा रीतसर विझला, तर इलेक्ट्रॉनिक भाग आपले काम करत आहे आणि दोष पॅड-डिस्कच्या गंजाचा आहे, असे समजावे. अशा वेळी स्विच दाबून ब्रेक पुन्हा सोडावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये आळीपाळीने, हलक्या ॲक्सिलरेटरवर, वीतभर पुढे-मागे करून पाहावी. बहुतेक वेळा 'टक्' असा मोठा आवाज होऊन चाक सुटते. न सुटल्यास चाक काढून डिस्कच्या मधल्या उंच भागावर रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोके द्यावेत. कॅलिपरच्या पाठीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यावर ठोका पडता कामा नये, कारण मोटर आणि गिअर त्यातच असतात. गुहागरच्या गाडीचे डावे चाक अशा सहा-सात ठोक्यांत सुटले. पॅड काढून पाहिला तेव्हा त्याच्या आकाराचा गंजाचा तपकिरी ठसा डिस्कवर उमटलेला होता. जोर लावून ॲक्सिलरेटर दाबला असता तर पॅडचे मटेरिअल पत्र्यापासून सुटून डिस्कलाच चिकटून राहिले असते. अशी दोन उदाहरणे मी पाहिली आहेत.

आवाज मुळीच आला नाही आणि मीटर मंद दिसत असेल, तर आधी बॅटरीकडे पाहावे. मीटर चांगले उजळते पण आवाज नाही, आणि पेडल दाबा असा संदेश येतो, तर गाडीमागे जाऊन ब्रेकचे दिवे लागतात का ते तपासावे. पेडलजवळचा छोटा स्विच बिघडला की कंट्रोल युनिटला पेडल दाबल्याचे कळतच नाही आणि ते ब्रेक सोडण्यास नकार देते. हा स्विच स्वस्त असतो, थोड्या वेळात बदलता येतो, आणि तरीही लोक यासाठी पूर्ण कॅलिपरची चौकशी करत येतात. याच प्रकारातली आणखी एक तक्रार बिघाडाची नसून अटीची असते. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर दिल्यावर ब्रेक आपोआप सुटतो खरा, पण चालकाचा सीटबेल्ट लावलेला आणि दार बंद असेल तरच. अंगणातल्या अंगणात गाडी चार फूट सरकवणारा माणूस बेल्ट लावत नाही, दार अर्धे उघडे ठेवून मागे पाहतो, आणि "गाडी ओढत नाही" म्हणत ॲक्सिलरेटर दाबत राहतो. तिथे हाताने स्विच दाबून ब्रेक सोडला की काम होते.

एकाच बाजूचा आवाज येत असेल तर प्रकरण जरा खोलात जाते. प्रथम न वाजणाऱ्या मोटरचा कनेक्टर काढून पाहावा. आमच्याकडच्या गाड्यांत, विशेषतः पाण्यातून गेलेल्यांत, पिनांवर हिरवट थर साचलेला दिसतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर बुडालेल्या गाड्या सुरू करून दिल्यावरही पुढे कित्येक आठवडे हीच तक्रार येत होती, कारण इंजिनातले पाणी सगळ्यांनी काढले, मागच्या चाकांच्या कनेक्टरकडे कोणी पाहिले नाही. पिना स्वच्छ असतील तर मल्टीमीटरच्या दोन टोकांवर पुरवठा तपासावा आणि दुसऱ्या माणसाला स्विच दाबायला सांगावे. स्विच दाबताच व्होल्टेज येते, पण मोटर फिरत नाही, तर मोटर गेली आहे. व्होल्टेजच येत नसेल तर वायर तपासावी. चॅसिसपासून कॅलिपरपर्यंतचा वायरीचा तुकडा प्रत्येक खड्ड्यागणिक चाकाबरोबर वरखाली वाकतो, आणि बाहेरचे आवरण धड असले तरी आतली तार तुटलेली असू शकते. बोटांनी ती हळूहळू चाचपत गेल्यास तुटलेल्या जागी वायर नको इतकी मऊ लागते. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या युनिटने नोंदवलेले बिघाड वाचणारे यंत्र, असेल तर एरर कोड आधी वाचून लिहून ठेवावेत, पण कमी व्होल्टेजचा जुना कोड पुसल्याशिवाय मोटरवर शिक्का मारू नये. बॅटरी उतरली की हा कोड आपोआप नोंदवला जातो आणि निदान भलतीकडे जाते.

बॅटरी उतरलेल्या गाडीला दुसरी बॅटरी जोडताना लाल केबल लालला आणि काळी केबल इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला लावावी, दुसरी गाडी चार-पाच मिनिटे चालू ठेवावी, आणि स्टार्टर मारण्याच्या आधी फक्त इग्निशन चालू करून ब्रेक सोडून पाहावा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांचा इथे हमखास गैरसमज होतो. खालची मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी दारे, मीटर आणि पार्किंग ब्रेक १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती उतरली की भरलेली गाडीही दगडासारखी उभी राहते. काही गाड्यांत बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर मीटरवर ब्रेकचा पिवळा दिवा राहतो. तेव्हा पेडल दाबून ब्रेक दोन-तीनदा लावावा आणि सोडावा, म्हणजे बहुधा दिवा जातो.

वीज कोणत्याही उपायाने पोहोचत नसेल तर शेवटचा मार्ग यांत्रिक आहे, पण तो रस्त्यावर उभे राहून शिकण्याचा नाही. चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, कारण ब्रेक सुटताच गाडी उताराला लागेल. मग कॅलिपरच्या पाठीवरची मोटर तिचे दोन स्क्रू काढून वेगळी करता येते आणि आत दिसणारा स्पिंडल सॉकेटने फिरवून पकड सैल करता येते. काही ठिकाणी मोटरला बॅटरीतून थेट वायरी लावून ती उलटी फिरवली जाते. मी ते टाळतो. कंट्रोल युनिट मोटर किती करंट ओढते ते पाहून नेमक्या क्षणी पुरवठा थांबवते. थेट वायर लावल्यावर थांबवणारे कोणी नसते, नट मागच्या टोकाला जाऊन आवळला जातो आणि गिअरचे दात जातात. ब्रेक लागलेल्या स्थितीत गाडी दोराने ओढण्याचा प्रकारही असाच अंगाशी येतो. टायर एका जागी सपाट घासतात, आणि ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये (पार्क) अडकलेली असेल तर गिअरबॉक्समधल्या खिटीवर सगळा भार येतो. टोइंगवाल्यांकडे चाकाखाली सरकवायच्या छोट्या ट्रॉल्या असतात. त्या असतील अशीच गाडी बोलवावी आणि फोनवरच तसे स्पष्ट विचारून घ्यावे.

मुंबईतल्या सोसायट्यांत गाडीमागे गाडी लावून, न्यूट्रलमध्ये टाकून, हँडब्रेक न लावता जाण्याची रीत आहे, म्हणजे वॉचमन ती ढकलून वाट करून देतो. या ब्रेकच्या गाडीला ती रीत बहुतेक वेळा पाळता येत नाही. घर घेताना किंवा पार्किंगची जागा ठरवताना याचा विचार कोणी करत नाही, आणि नंतर सकाळी सात वाजता दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरावे लागते.

आता पॅड बदलण्याविषयी, कारण सर्वाधिक नुकसान मी इथे झालेले पाहिले आहे. साध्या कॅलिपरमध्ये पॅड बदलताना सी-क्लॅम्प लावून पिस्टन मागे दाबायचा, एवढे पुरेसे असे. इलेक्ट्रॉनिक ब्रेकच्या कॅलिपरमध्ये पिस्टनच्या मागे नट आणि स्पिंडल उभे असतात. आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकून मोटरने नट पूर्ण मागे घ्यावा लागतो; हे काही गाड्यांत स्कॅनरने होते, काहींत पेडल आणि स्विच ठरावीक क्रमाने दाबून होते, आणि तो क्रम गाडीच्या पुस्तकात किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच करावा. हे न करता क्लॅम्प आवळला की सगळा जोर नटावरून स्पिंडलवर आणि तिथून गिअरवर जातो. मागच्या उन्हाळ्यात महामार्गावरच्या एका गॅरेजमध्ये पॅड बदललेली गाडी आमच्याकडे आली होती. उजवे मागचे चाक हात लावू नये इतके तापत होते. मोटर उघडली तेव्हा आतल्या पांढऱ्या गिअरचे तीन दात गळून ग्रीसमध्ये पडलेले होते. मोटर फिरत होती, पण नट मागे येत नव्हता, आणि पॅड डिस्कला कायम घासत होता. दोनशे किलोमीटरमध्ये नवे पॅड निम्मे झिजले होते. कॅलिपर खाली काढलेला असताना कोणी चुकून स्विच ओढला तर समोर डिस्क नसल्याने पिस्टन बाहेर येऊ शकतो, म्हणून काम चालू असेपर्यंत चावी गाडीपासून दूर ठेवावी. पॅड बसवल्यावर आधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, मगच सर्व्हिस मोडमधून बाहेर यावे आणि ब्रेक तीन-चार वेळा लावून सोडावा, म्हणजे युनिट नव्या पॅडची जाडी ओळखते. ज्याच्याकडे स्कॅनर नाही आणि ज्याला हा क्रम सांगता येत नाही, त्याच्याकडे मागचे पॅड बदलू नयेत, मग तो इतर कामांत कितीही तरबेज असो.

हे दोष केवळ आपल्या हवेचे किंवा आपल्या कारागिरांचे आहेत असेही नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत होंडाने सुमारे साडेतीन लाख सिव्हिक गाड्या परत बोलावल्या, कारण इग्निशन बंद केल्यावर लगेच स्विच ओढला तर सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे ब्रेक लागेलच याची खात्री नव्हती. २०१७ मध्ये टेस्लाने मॉडेल एस आणि मॉडेल एक्स मिळून सुमारे ५३ हजार गाड्या परत बोलावल्या. तिथे पुरवठादाराने बनवलेला पार्किंग ब्रेकचा गिअर सदोष होता आणि लागलेला ब्रेक सुटणार नाही अशी शक्यता होती. एक दोष न लागण्याचा आहे आणि दुसरा न सुटण्याचा. म्हणून उतारावर गाडी लावताना इग्निशन बंद करण्याआधी ब्रेक लावून मीटरमधला दिवा पाहण्याची सवय मी सगळ्यांना सांगतो.

चालत्या गाडीचा पायाचा ब्रेक निकामी झाल्यास काय करावे, हेही बहुतेकांना ठाऊक नसते. स्विच एकदा ओढून सोडून देऊ नये, तो ओढून धरून ठेवावा. मग युनिट एबीएसच्या (ब्रेक मारताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या) यंत्रणेमार्फत गाडी आवरत नेते, आणि स्विच सोडला की ब्रेकही सुटतो. दांड्याने चाकावरचा जोर हाताला जाणवायचा आणि कमी-जास्त करता यायचा, तसे इथे होत नाही. काही गाड्यांत हा स्विच स्टिअरिंगच्या उजवीकडे डॅशबोर्डवर असतो आणि शेजारी बसलेल्याचा हात तिथे पोहोचत नाही. गाडी घेताना स्विच कुठे आहे ते जरूर पाहावे.

एवढे सगळे असूनही मी लोकांना ही गाडी घेऊ नका असे सांगत नाही. मनगट दुखणाऱ्या वयस्क माणसाला दांडा पुरेसा ओढता येत नसे आणि गाडी उतारावर सरकत असे. तो प्रकार थांबला आहे. कुंभार्ली घाट उतरून आलेल्या गाडीच्या डिस्क तापलेल्या असतात, थंड झाल्यावर त्या किंचित आकसतात आणि पकड सैल पडते. अनेक गाड्यांत युनिट काही मिनिटांनी स्वतःहून मोटर पुन्हा आवळते. कुलूप लावून घरात गेल्यावर अंगणातून येणारा तो 'घर्र' आवाज ऐकून घाबरलेले फोन मला येतात, पण तो बिघाड नव्हे.

गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर ती सपाट जागी लावावी. धुतल्यावर लगेच उभी करू नये; एखादा किलोमीटर फिरवून, चार-पाच वेळा ब्रेक मारून डिस्क कोरड्या कराव्यात. ऑटो होल्ड बंद करावा, गाडी 'पी'मध्ये किंवा पहिल्या गिअरमध्ये टाकावी, चाकांना दगड लावावेत आणि पुस्तकात दिलेल्या पद्धतीने ब्रेक सुटलेला ठेवूनच इंजिन बंद करावे. ही पद्धत प्रत्येक गाडीत वेगळी असते, काही गाड्यांत ती नसतेही. ज्यांत नसेल त्यांना दर आठवड्याला कोणाकडून तरी दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून घेण्याखेरीज दुसरा उपाय नाही. डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडलेले असतील तर ते काढून ठेवावेत, कारण गुहागरच्या त्या गाडीची बॅटरी डॅशकॅमनेच संपवली होती. जंपर केबल डिकीत न ठेवता घरात ठेवावी. ज्या गाड्यांची डिकी विजेवरच उघडते, तिथे बॅटरी मेल्यावर केबलही आतच अडकते.

आणि अडकलेली गाडी सुटली म्हणून लगेच घाटाला लावू नये. दोन-तीन किलोमीटर सपाट रस्त्यावर, पायाचा ब्रेक शक्य तितका कमी वापरून चालवावी, थांबवावी, आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात नेऊन उष्णता पाहावी, स्पर्श मात्र करू नये. दोन्हीकडे सारखीच कोमट धग असेल तर पुढे जावे. एका बाजूला धग अधिक असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्या चाकाचा पॅड अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि गाडी तिथूनच माघारी आणावी.